भीक नको पण कुत्रा आवर

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, फुकट मिळणाऱ्या ऑनलाइन सेवांसाठी लोक पैसे का मोजतात, यावरचा लेख वाचला. लेखकाच्या मते कारणं दोनच, हौस आणि आळस. मला ते झोंबलं. मी नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. तेव्हा लेख वाचून झाल्यावर घरच्याच बँकेचा उतारा काढला आणि पेन्सिल घेऊन बसले. दर महिन्याला न चुकता कापल्या जाणाऱ्या पाच बारीक रकमा सापडल्या. त्या पाचही सेवा एक पैसा न देता सुरू करता येतात. घरात माणसं चार, ओळी पाच. एकेकाला बोलावून विचारलं.

मुलीची ओळ गाण्यांची होती. "तीच गाणी फुकट ऐकता येतात ना?" म्हटलं. ती म्हणाली, "गाण्यांचे पैसे नाहीत गं ते. दर दोन गाण्यांनंतर ती बाई येते ना बोलायला, तिला गप्प करायचे आहेत."

आपल्याकडे याला म्हण आहेच, भीक नको पण कुत्रा आवर. म्हणीतला भिकारी निदान रिकाम्या हाताने सुटतो, इथे कुत्रा आवरायचेही पैसे पडतात. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना फोनचा पडदा बंद केला की आवाजही थांबतो. पडदा बंद असताना आवाज चालू ठेवणं फोनला मुळीच कठीण नाही, रेडिओची ॲप ते रोज करतात. पण यूट्यूबने ती सोय 'प्रीमियम' या पैसे भरायच्या योजनेच्या कुलपात ठेवली आहे. म्हणजे एखादी नवी गोष्ट बनवून विकलेली नाही, सहज होणारी गोष्ट अडवून धरली आणि मग वाट मोकळी करायचा दर लावला. याला हौस म्हणणं लेखकाला कसं सुचलं, कळत नाही.

तरी मुलीचा व्यवहार मला पटला. गाणी बनवणाऱ्यांना कुठून तरी पैसे जायलाच हवेत, आणि जाहिरात ऐकणं हीसुद्धा किंमतच आहे, फक्त ती वेळात चुकवायची. तिने वेळेऐवजी पैसे दिले. २०२४ च्या अखेरीस स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपचे महिन्याकाठी सुमारे ६७.५ कोटी श्रोते होते आणि त्यांतले सुमारे २६.३ कोटी पैसे भरणारे. कंपनीच्या उत्पन्नातले शंभरापैकी ८५ हून अधिक या भरणाऱ्यांकडून आले. बाकीचे चाळीस कोटी जाहिराती ऐकूनही उत्पन्नात जेमतेम भर घालतात. मग कंपनी त्यांना सांभाळते कशाला? उद्याचे भरणारे त्यांच्यातूनच यायचे असतात म्हणून. या पद्धतीला 'फ्रीमियम' हे नाव २००६ मध्ये मिळालं. शब्द नवा असला तरी चव दाखवून गिऱ्हाईक धरायची युक्ती जुनीच आहे.

मुलाची ओळ लगेच उलगडली. खेळातल्या पात्राचे कपडे. फोर्टनाइट हा खेळ फुकट आहे, आणि त्यातल्या विकतच्या पोशाखांनी नेम सुधारत नाही की जीव वाढत नाही. तरी २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत मिळून त्या खेळाने ९ अब्ज डॉलरहून जास्त कमावले, ते मुख्यतः अशाच विक्रीतून. "फुकटचा पोशाख असला की 'डीफॉल्ट' म्हणून चिडवतात," मुलगा म्हणाला. इथे लेखकाची हौस मला मान्य आहे. पण चारचौघांत बरं दिसायची इच्छा काही ऑनलाइन जन्मली नाही. पत्राखाली आपलं नाव छापून यावं म्हणून माझ्यासारखे लोक दर आठवड्याला आपल्याला लिहितात, ते वेगळं काय?

मात्र मिरवायच्या वस्तूची एक गंमत आहे. ट्विटरची निळी खूण २००९ पासून फुकट मिळायची, पण नुसती मागून मिळत नसे. खातं खरोखर त्याच माणसाचं आहे का, हे पाहून ती दिली जायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना ८ डॉलरला विकायला काढली. काही दिवसांतच कुणीतरी एका मोठ्या औषध कंपनीच्या नावाने खातं उघडून, निळी खूण विकत घेऊन, इन्शुलिन आता फुकट मिळेल असं जाहीर केलं आणि खऱ्या कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. विकत मिळत नव्हती म्हणूनच त्या खुणेला किंमत होती.

यजमानांची ओळ बुद्धिबळाची. डाव फुकट खेळता येतो, पण हरलेल्या डावात नेमकं कुठे चुकलं ते कितीही वेळा बघायचं तर पैसे. आमच्याकडे हरलेले डाव मुबलक. मी त्यांना म्हटलं, लिचेस नावाचं संकेतस्थळ आहे, २०१० पासून चालू आहे, डावाचं विश्लेषणही फुकट, जाहिरात एकही नाही, जा तिकडे. ते म्हणाले, "माझं रेटिंग इथे आहे. सहा वर्षांचे डाव इथे आहेत. ज्याच्याशी रोज रात्री हरतो तो माणूस इथे आहे." यावर मी काय बोलणार!

चौथी ओळ माझी. ती सांगताना जरा खाली मान घालावी लागते, पण लिहायला घेतलंच आहे.

फोनमधले फोटो आपोआप साठवून ठेवणारी एक सेवा मी कित्येक वर्षं फुकट वापरत होते. एका रात्री सूचना आली, जागा संपली. मी ठरवलं, पैसे द्यायचे नाहीत, नको ते फोटो पुसायचे. साडेदहाला बसले. पहिली दहा मिनिटं झकास गेली. सुप्रभातचे फोटो गेले, बोटाने झाकलेले गेले, विजेच्या बिलांचे गेले. मग एकाच प्रसंगाचे अकरा फोटो आले, त्यांतला कुठला ठेवायचा? मग मुलाचा एक हललेला, काहीच न दिसणारा फोटो आला, पण त्यात तो पहिल्यांदा सायकलवरून एकटा निघाला होता. मग वडिलांचा हात आला. फक्त हात. चादरीवर ठेवलेला, मनगटाला दवाखान्याची पट्टी. तो मी कशासाठी काढला होता, आजही सांगता यायचं नाही. बहुधा चुकून बटण दाबलं गेलं असावं. फोटो म्हणून त्यात काही नाही. अंगठा पुसायच्या खुणेवर होता, तो उचलला, आणि त्याच अंगठ्याने पैसे भरले. पावणेबारा वाजले होते.

याला आळस म्हणायचं? सव्वा तास खपले मी. आणि हौस तर नाहीच नाही.

कानमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की, जितकं मिळाल्याचा आनंद होतो त्याहून तितकंच गमावल्याचं दुःख माणसाला कितीतरी जास्त वाटतं. त्या रात्री मी नवीन काहीच घेतलं नाही. माझंच माझ्याकडे राहावं म्हणून पैसे दिले. पहिल्या दिवशी कुणी मागितले असते तर दिलेच नसते, कारण शून्यावरून एकावर जाताना माणूस फार अडखळतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दोन चॉकलेटं दाखवली होती, एक उंची १५ सेंटला आणि एक साधं १ सेंटला. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उंची घेतलं. मग दोन्ही एकेक सेंटने स्वस्त केली, म्हणजे साधं फुकट झालं. फरक तेवढाच राहिला, तरी आता घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी साधं उचललं. फुकट म्हटलं की आपला हिशेबच फिरतो, आणि हे मी हिशेब तपासणारी बाई कबूल करते आहे. म्हणून दारात पैसे मागायचे नाहीत, आधी आत घ्यायचं, सामान लावू द्यायचं, आठवणी साठू द्यायच्या. भाड्याचं नंतर.

आणि भाड्याच्या अटी घरमालकाच्या हातात. फ्लिकर या फोटो साठवायच्या संकेतस्थळाने २०१३ मध्ये प्रत्येकाला तब्बल एक टेराबाइट जागा फुकट दिली. २०१८ मध्ये मालक बदलले आणि फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली. ज्यांनी विश्वासाने हजारो फोटो नेऊन ठेवले होते त्यांच्यापुढे पैसे भरा, फोटो उतरवून घ्या किंवा सोडून द्या, एवढंच उरलं. नवीन मालकांनी निदान कारण उघड सांगितलं, एवढं फुकट परवडत नाही. प्रश्न त्यांच्या खर्चाचा नाहीच, जागेला, विजेला, माणसांना पैसे लागतात हे मलाही कळतं. राग याचा येतो की, 'फुकट' हा शब्द पहिल्या दिवशी ठळक अक्षरात असतो आणि 'तूर्त' हा शब्द कुठेच नसतो.

आता पाचवी ओळ. ती कुणाचीच नव्हती. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. रकमेवरून माग काढत गेले तेव्हा कळलं की, दोन वर्षांपूर्वी एका कागदावर सही करून पाठवायची होती म्हणून मीच एक ॲप घेतलं होतं, सात दिवस मोफत. काम पहिल्याच दिवशी झालं. आठव्या दिवसापासून पैसे जात होते. सुरू करायला एक बटण पुरलं होतं. बंद करताना पाच पडदे ओलांडले. एकावर विचारलं होतं, "खरंच जाताय?" एकावर अर्ध्या दराचं आमिष. एकावर मोठं, रंगीत बटण 'राहते' आणि खाली करड्या, बारीक अक्षरांत, 'मला फायदे नकोत'. फायदे नकोत! मी दोन वर्षं त्या फायद्यांच्या वाटेला गेले नव्हते. पैसे का भरतात याचं एक उत्तर हेही आहे, आणि लेखात ते नव्हतं. भरतोय हे विसरलेले असतात म्हणून.

जाता जाता आपल्याच व्यवसायाचं एक. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेख फुकट ठेवून पुढच्यांना पैसे लावले, वर्षभराने ते २० चे १० केले. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. मला तो व्यवहार साफ वाटतो. मर्यादेपुढचा लेख हवा असेल तर पैसे द्या, नको असेल तर सोडा. तिथे माझ्या वडिलांचा हात अडकलेला नसतो.

लिचेसचं एक सांगायचं राहिलं. ते लोकांच्या देणग्यांवर चालतं. देणगी देणाऱ्याला जास्तीचं काहीही मिळत नाही, सगळ्या सोयी आधीच सगळ्यांना खुल्या आहेत. मिळतं ते नावापुढे पंखांचं एक एवढंसं चिन्ह. तरी लोक देतात, आणि ते कशासाठी देतात हे हौस, आळस किंवा कानमन यांपैकी कशातच मला नीट बसवता आलं नाही.

पाचवी ओळ मागच्या महिन्यात बंद झाली. या महिन्याच्या उताऱ्यात मात्र पुन्हा पाचच आहेत. यजमान अजून जुन्याच जागी रोज रात्री हरतात. मला तर घोडा कसा चालतो तेही धड ठाऊक नाही, पण पंख माझ्या नावापुढे आहेत.

आपली,
एक नियमित वाचक