टाके घालण्याआधी बोटाचं टोक वाकवून बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

संक्रांत जवळ आली की आपल्या अंकात नायलॉन मांजाने हात कापल्याच्या बातम्या येऊ लागतात. हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर बंदी घातली, तरी दरवर्षी बातम्या येतातच. बऱ्याच बातम्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘जखमेवर टाके घालून त्यांना घरी सोडण्यात आले.’ हे वाक्य वाचलं की माझी उजवी तर्जनी आपोआप अंगठ्याला जाऊन टेकते. मलाही असंच टाके घालून घरी सोडलं होतं.

मी गडहिंग्लज तालुक्यातली. कोल्हापुरात राहून रेखा व रंगकलेचा डिप्लोमा करते. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या वार्षिक प्रदर्शनाची मांडणी चालू होती. एक फ्रेम खिळ्यावरून सुटली आणि मी ती धरायला गेले. काच फुटली आणि तर्जनीच्या मधल्या पेरावर, तळहाताच्या बाजूने, दीड सेंटिमीटरची चीर पडली. रक्तही फार गेलं नाही. जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “बोट वाकव बघू.” मी वाकवलं. “वाकतंय की. काळजी करू नकोस.” चार टाके, टी.टी.चं इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या. मैत्रिणींनी हुश्श केलं आणि आम्ही पुन्हा फ्रेमा लावायला गेलो.

बोट वाकत होतं हे खरंच होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं ते असं, की अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात. डॉक्टर त्यांना टेंडन म्हणतात. वरचा टेंडन मधल्या सांध्यापाशी संपतो आणि बोट तिथे वाकवतो. खालचा, खोल असलेला, थेट शेवटच्या पेरापर्यंत जातो आणि टोक वाकवतो. माझा खोल टेंडन तुटला होता आणि वरचा शाबूत होता. त्यामुळे बघणाऱ्याला बोट वाकताना दिसत होतं. टोक वाकतंय का, हे कुणी वेगळं पाहिलंच नाही.

नवव्या दिवशी पट्टी सुटली आणि मी पेन्सिल हातात घेतली. चार-बी, माझी नेहमीची. कागदावर जरा दाब दिला तर तर्जनीचं टोक मागच्या बाजूला मोडल्यासारखं वळलं आणि पेन्सिल निसटून पडली. पुन्हा धरली, पुन्हा तेच. शिवाय अंगठ्याकडची कड पूर्ण बधिर. तिथे पेन्सिल टेकली आहे हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. त्या रात्री होस्टेलच्या गॅलरीत बसून मी आईला फोन केला, आणि फोनवर मला काही बोलताच आलं नाही.

दुसऱ्या दवाखान्यात हाताच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्यांनी माझ्या बोटाचं मधलं पेर आपल्या दोन बोटांत सरळ धरून ठेवलं आणि म्हणाले, “आता फक्त टोक वाकव.” टोक हललं नाही. या तपासणीला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग त्यांनी कापसाचा धागा बोटाच्या दोन्ही कडांवरून फिरवला आणि एका बाजूची मज्जातंतूची शाखाही कापली गेली असल्याचं सांगितलं. तुटलेल्या टेंडनचं टोक तळहाताकडे सरकतं. तीन-चार आठवडे उलटले तर पुष्कळदा ते सरळ जोडता येत नाही, दुसरीकडून टेंडन काढून बसवावा लागतो. मी अकराव्या दिवशी पोचले होते. माझं सरळ जोडता आलं. केवळ चित्रकला शिकत होते म्हणून मला नवव्या दिवशी कळलं. शेतात किंवा घरात राबणारी बाई “बोट जरा आखडलंय” म्हणत दोन महिने काढते.

ऑपरेशनबद्दल फार सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम होतं. माझं काम त्यानंतर सुरू झालं. कोपराखालपासून बोटांच्या टोकापर्यंत हाताच्या पाठीवरून प्लास्टिकची पट्टी, सहा आठवडे. त्यातच दर तासाला दहा वेळा डाव्या हाताने बोट वाकवायचं आणि मग आपल्या ताकदीने पट्टीला टेकेपर्यंत सरळ करायचं. हात अगदी न हलवता ठेवला तर जोडलेला टेंडन आजूबाजूला चिकटतो, आणि जास्त जोर लावला तर टाक्यातून सुटतो. या दोन्हींच्या मधली वाट दाखवणारं माणूस लागतं. मला कोल्हापुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखावलेल्या हाताला पुन्हा रोजची कामं करायला शिकवणाऱ्या, मॅडम मिळाल्या. तेव्हा मी गावी घरीच होते. गावाहून एस.टी.ने आठवड्यातून दोनदा, हात गळ्यात अडकवून, आई सोबत. आम्हा दोघींना अर्धं तिकीट, तरी आईची दोन दिवसांची मजुरी बुडायचीच.

त्या खोलीतल्या बाकावर माझ्या शेजारी कोण कोण बसायचं ते सांगते. कडबा कुट्टीत तीन बोटं गेलेले एक काका. उसाच्या फडात कोयता लागलेली, माझ्याच वयाची एक मुलगी. मांजाने तळहात चिरलेला नववीतला मुलगा. मॅडम प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच विचारायच्या, “या हातानं काय काय करायचात?” काकांनी म्हशीची धार काढतो म्हणून सांगितलं, तर मॅडमनी त्यांना रबरी हातमोज्यात पाणी भरून त्याच्या बोटांवर सराव दिला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “ब्रश धरते.” त्या म्हणाल्या, “मग पुढच्या खेपेला ब्रश घेऊन ये.”

पट्टी निघाली तेव्हा बोट काठीसारखं होतं. पातळ ब्रश चिमटीत राहायचाच नाही. मॅडमनी दहा नंबरच्या फ्लॅट ब्रशच्या दांड्यावर स्पंजची नळी चढवून तो अंगठ्याएवढा जाड केला. तरी रेषा थरथरायची. मग एका सरांनी मला राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात पाठवलं. मांडरे यांची पावडर शेडिंगमधली, म्हणजे पूड कागदावर पसरून केलेली, निसर्गचित्रं मी आधीही पाहिली होती, पण या वेळी माझं लक्ष त्या धूसर झाडांच्या कडांकडे गेलं. चिमटीत काही घट्ट न धरताही चित्र होतं, हे मला तिथे उभं राहून कळलं. होस्टेलवर येऊन कोळसा वस्त्रगाळ केला आणि कापसाच्या बोळ्याने, तळव्याच्या कडेने, कागदावर पसरायला लागले. पहिलं चित्र खिडकीतल्या बादलीचं. बादली ओळखू येत होती. मी ते आईला दाखवलं, तर तिने आधी माझा काळा झालेला हात धुऊन दिला आणि व्रणावर खोबरेल चोळत बसली.

जुलैच्या शेवटी रंकाळ्यावर जलरंग घेऊन बसले. जलरंगात ब्रशमध्ये पाणी किती आहे हे बोटांना वजनावरून कळतं, आणि माझ्या एका कडेला काहीच कळत नव्हतं. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, खाली उतरवताना पाणी जास्त झालं आणि तलावातल्या दगडी संध्यामठावर सगळे निळे ओघळ आले. मी दुसरा कागद घेतला. कापलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून महिने मोजत होते. आता त्या कडेला मुंग्या येतात आणि ब्रशचा दांडा गोल आहे की चपटा हे डोळे मिटून सांगता येतं. थंडीत बोट आखडतं, टोक पूर्ण वाकत नाही आणि बहुधा वाकणारही नाही. चार नंबरचा राउंड ब्रश मात्र धरता येतो. परीक्षा हुकल्याने वर्ष गेलं. या एप्रिलमध्ये हेड स्टडीच्या पेपरला बसणार आहे.

पत्र लिहिण्याचं कारण दोन मागण्या. पहिली सर्व डॉक्टरांना हात जोडून : हाताची जखम कितीही लहान असली तरी टाके घालण्याआधी प्रत्येक बोटाचं मधलं पेर धरून टोक वेगळं वाकवून पाहा आणि दोन्ही कडांना स्पर्श कळतो का विचारा. पेशंटनेही हे मागून घ्यावं. दुसरी आरोग्य खात्याला : कोयता, कडबा कुट्टी, प्रेस मशीन यांनी बोटं कापली जाणाऱ्या या जिल्ह्यात हाताच्या व्यायामासाठी ऐंशी किलोमीटर यावं लागू नये. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसावेत. कोयता लागलेली ती मुलगी चौथ्या खेपेनंतर आली नाही. तिची टोळी पुढच्या फडाला गेली होती.

आणि एक विनंती आपल्याला. या संक्रांतीत मांजाची बातमी आली तर आपल्या वार्ताहरांनी ‘टाके घालून घरी सोडले’ लिहिण्याआधी त्या माणसाला एवढं विचारावं, की बोटाचं टोक वाकतंय का.

आपली वाचक,
एक चित्रकला विद्यार्थिनी
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर