भुलेचं गालगुंड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ऑपरेशननंतर काकांचा गाल सुजला, त्याचा फोटो पाहिला. सूज बरोबर कानापुढे आणि जबड्याच्या कोपऱ्यावर आहे, म्हणजे दाढ नव्हे, पॅरोटिड ही लाळग्रंथी. वॉर्डात तपासून डॉक्टरांनीही तेच सांगितलंय ना? मग नातवंडांना लांब ठेवू नकोस. भूल दिल्यानंतर येणाऱ्या या सुजेला ‘भुलेचं गालगुंड’ म्हणतात. नाव गालगुंडाचं असलं तरी हे लागट नाही.

मणक्याच्या ऑपरेशनला चार तास पालथं झोपवलं, मान उजवीकडे वळवलेली. अशा वेळी ग्रंथी दबते, मानेच्या शिरांतून रक्त नीट परतत नाही, लाळेची वाट मुडपते. त्यात आदल्या रात्रीपासून उपास आणि लाळ सुकवणारं ग्लायकोपायरोलेट. घट्ट झालेली लाळ आत तुंबते. कधी शुद्धीवर येताना माणूस घशात घातलेल्या श्वासाच्या नळीवर जोरात खोकतो आणि तोंडातली हवाच उलटी ग्रंथीत शिरते. मग सूज दाबली की बोटाखाली कुरकुरल्यासारखं लागतं. तसं लागलं तर लगेच दाखव. श्वासाच्या व्यायामाच्या त्या तीन चेंडूंच्या यंत्रात काका फुंकत नाहीत ना, तेही बघ. श्वास आत ओढायचा असतो. गाल फुगवून फुंकलं की हवा आणखी शिरेल.

उपाय साधेच. सलाईन किती, ते डॉक्टर ठरवतील. कोमट शेक दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. मग कानामागून गालावर पुढे, तोंडाच्या दिशेने हलक्या हाताने चोळायचं. तोंडाने घ्यायची परवानगी मिळाली की लिंबाची फोड चोखायला दे, लाळ सुटली की वाट मोकळी होते. बहुधा काही तासांत, फार तर काही दिवसांत सूज उतरते. अँटिबायोटिकचा हट्ट धरू नकोस. रक्तात अमायलेज हे पाचक द्रव्य वाढलेलं आलं तर स्वादुपिंडाच्या नावाने घाबरू नकोस, ते लाळग्रंथीतूनही येतं.

मात्र ताप, गाल लाल-गरम, किंवा वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या छिद्रातून पू दिसला, तर तो जंतुसंसर्ग. तिथे अँटिबायोटिक लागतंच. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड १८८१ मध्ये गोळी लागून आठवडेच्या आठवडे अंथरुणावर होते, तेव्हा त्यांच्या पॅरोटिडमध्ये असाच पू झाला होता.

सूज जबड्याखाली पसरली, आवाज बदलला, थुंकी गिळवेना किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नकोस. श्वासनलिका दाबली जाऊ शकते. तिथल्या तिथे सिस्टरना हाक मार.

डिस्चार्ज कार्डावर याची नोंद करून घे. पुढच्या भुलेच्या वेळी ती दाखवायची आहे.

तुझा,
अविनाश