बाबा, ठेव मोडू नका

पुणे, १५ जून

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोन झाला तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. बाबा, तुम्ही म्हणालात, "मुदत ठेव मोडतो, तुझ्या कामाला होईल," आणि आई मागे काहीच बोलली नाही. आई गप्प असते तेव्हा तिने आधीच होकार दिलेला असतो. मी 'बघू' म्हणून फोन ठेवला, कारण गळा दाटून आला होता. ठेव मोडू नका. ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आहे, त्यासाठीच राहू दे. मला तुमच्या दोघांकडून दुसरं काही हवंय, ते पुढे लिहिते.

आधी काय ठरलंय ते सांगते. आपल्या चिपळूणच्या माणसांसाठी मी एक साइट काढतेय आणि नोकरीचा राजीनामा दिला आहे. ३१ जुलै शेवटचा दिवस. घराचा हप्ता जावयांच्या पगारातून जाईल आणि माझ्याकडे चौदा महिने पुरतील एवढे साठवलेले आहेत. ते संपेपर्यंत काम उभं राहिलं नाही तर मी पुन्हा नोकरी धरीन, हे आम्ही दोघांनी कागदावर लिहून ठेवलंय. तेव्हा या बाबतीत काळजी नको.

नोकरी का सोडली, हे मी कधी नीट सांगितलं नाही. आमच्या अ‍ॅपमध्ये लोकांच्या मोबाइलवर जाणाऱ्या सूचनांचा मजकूर माझ्याकडे होता. एकदा एकाच बातमीसाठी आम्ही दोन वाक्यं लिहिली. एकात काय घडलं ते सरळ सांगितलं होतं. दुसरं होतं, "तुमच्या परिसरात काय घडलंय, ताबडतोब पाहा." अर्ध्या लोकांना एक पाठवलं, अर्ध्यांना दुसरं. दुसरं कितीतरी जास्त जणांनी उघडलं, म्हणून पुढे तसंच लिहायचं ठरलं. ते वाक्य माझं होतं. त्या संध्याकाळी आईचा फोन आला, "अगं, मोबाइलवर काहीतरी आलंय, तू ठीक आहेस ना?" आईच्या छातीत ज्याने धस्स झालं ते मीच लिहिलं होतं. त्या दिवसापासून तिथे मन लागलं नाही.

आता नव्या कामाविषयी. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "फेसबुक आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग तुझं कशाला?" मलाही सगळ्यांत आधी हाच प्रश्न पडला होता. या धंद्यात मोठमोठे बुडाले आहेत. माझं कॉलेज चालू होतं तेव्हा आम्ही सगळ्या ऑर्कुटवर होतो. गूगलने २००४ साली काढलेलं, भारतात घराघरांत पोचलेलं, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. मग त्याच गूगलने गूगल प्लस आणलं, तेही २०१९ मध्ये गुंडाळलं. पैसा, माणसं, हुशारी, कशाचीच कमी नव्हती. आपल्याकडे 'कू' आलं, भारतीय भाषांसाठी, २०२० मध्ये. कितीतरी मंत्री आणि नट तिथे गेले. जुलै २०२४ मध्ये तेही थांबलं.

कारण प्रत्येकाचं वेगळं असेल, पण एक अडचण सगळ्यांना येते. लग्नाच्या हॉलमध्ये पहिला पाहुणा आला आणि आत कुणीच दिसलं नाही, तर तो दारातून परत फिरतो. दुसरा येतो, त्यालाही कुणी दिसत नाही. अशा साइटवर माणसं येतात ती माणसांसाठीच, मग पहिल्याने कशासाठी यायचं? फेसबुकने यातून वाट काढली ती लहान जागा निवडून. फेब्रुवारी २००४ मध्ये ते फक्त हार्वर्डच्या मुलांसाठी होतं. एका कॉलेजात सगळे आले की मगच पुढचं कॉलेज. बाहेरच्या जगासाठी दार उघडलं ते २००६ च्या सप्टेंबरात. म्हणजे एक जागा पूर्ण भरायची, मग दुसरी.

माझी जागा चिपळूण. आणि पहिला माणूस कशासाठी येईल याचं उत्तर मला तुमच्या फळ्यावर सापडलं, बाबा.

मी चौथीत असेन. सकाळी शाळेत जायच्या आधी तुम्ही मला नाक्यावर न्यायचात. माझ्या हातात पाण्याचा तांब्या आणि फडकं. तुम्ही फळा वरून खाली पुसायचात, आडवा कधीच नाही. खडू पाण्यात बुडवून लिहायचात, म्हणजे अक्षर वाळल्यावर पांढरंशुभ्र उठायचं. वर तारीख आणि तिथी. मग पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कुणाच्या घरी काय, रक्तदान, व्याख्यान, हरवलं-सापडलं. खालचा डावा कोपरा तुम्ही रोज मोकळा ठेवायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "दुपारी कुणाचं काही आलं तर?" आणि निधनाची बातमी त्या घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय तुम्ही कधी लिहिली नाहीत. एकदा दोघे येऊन सांगून गेले, तरी तुम्ही खडू खाली ठेवून पेठेत जाऊन आलात. मी तांब्या धरून उभी. शाळेला उशीर झाला म्हणून मी रडले होते. तुम्ही परत आलात आणि न लिहिताच फळा सोडून मला शाळेत पोचवलंत. ते आजोबा त्यानंतर सहा वर्षं जगले.

त्या फळ्याला सदस्य लागत नव्हते. एकच माणूस नाक्यावरून गेला तरी त्याला पाण्याची वेळ कळायची. माझी साइटही पहिल्या दिवशी तेवढंच करणार. गावात आज काय आहे, एवढं नीट, खात्रीने, रोज सकाळी सातला. बोलणं-चालणं, प्रश्न, ओळखीपाळखी हे सगळं त्या फळ्याभोवती जमणाऱ्या माणसांत आपोआप होत होतं, तसं नंतर होईल. आधी माणसं जमवा आणि मग त्यांना काय द्यायचं ते शोधा, असं बरेच जण करतात. मला उलटं करायचंय.

दिवाळीत तुमच्या हातात मी पहिला नमुना दिला होता, आठवतं? चष्मा लावून तुम्ही पाच मिनिटं बोट वर सरकवत होतात. मग मान वर करून विचारलंत, "पण हे संपतं कुठे?" मी तेव्हा सांगितलं की ते संपत नाही, तसंच असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कशाला तसंच असायला हवं? फळा संपायचा. वाचून माणूस कामाला लागायचा. आता माझ्या पानाच्या तळाशी 'आजचं एवढंच' अशी ओळ येते आणि त्याखाली खरंच काही नाही. माझ्या भागीदारणीने, आमच्याच ऑफिसातली आहे ती, आधी विरोध केला. माणूस जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती, हेच आम्ही दोघी इतकी वर्षं शिकलो होतो. पण मीच म्हटलं, आपण मिनिटं विकायचीच नाहीत.

मग पैसे कुठून, असं आई विचारेल. आई, तुझ्यासाठी हिशेब लिहिते, भिशीच्या वहीत मांडतेस तसा तपासून बघ. गावातल्या दुकानदारांना महिन्याला ३०० रुपयांत जाहिरातीची एक पाटी, दिवसभर एकाच जागी. २०० दुकानं आली तर ६०,०००. मुंबई, ठाणे, पुण्यात राहणाऱ्या आपल्या माणसांकडून वर्षाला ३०० रुपये वर्गणी. अशी १,२०० घरं मिळाली तर महिन्याला ३०,००० पडतात. गावात राहणाऱ्यांना फुकट. खर्च म्हणजे मजकूर तपासणाऱ्या दोघांचे मिळून ३६,०००, सर्व्हर आणि ओटीपीच्या मेसेजचे १४,०००, सीए आणि किरकोळ ५,०००. एकूण ५५,०००. पहिल्या वर्षी निम्मीच जमा झाली तर दरमहा १०,००० खिशातून जातील, ते मी धरलेत. पहिल्या वर्षी आम्ही दोघी पगार घेणार नाही. लोक पैसे देतात का? व्हॉट्सअ‍ॅप सुरुवातीच्या काळात वर्षाला एक डॉलर मागायचं, ते २०१६ पर्यंत. फेसबुकने २०१४ मध्ये ते १९ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं तेव्हा तिथे जेमतेम ५५ माणसं कामाला होती. मला त्या १९ अब्जांत रस नाही. थोडी माणसं नीट काम करू शकतात, एवढंच मी त्यातून घेतलं.

दोन गुंतवणूकदारांना भेटले. एकाने विचारलं, "एका वर्षात किती शहरं?" मी म्हटलं, एक. त्यांनी चहा पाजला, चांगलं वागले, पण पैसे देणार नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण शंभर शहरांचं वचन दिलं असतं तर प्रत्येक निधनाची खात्री करायला पेठेत कोण गेलं असतं?

खात्रीचं का इतकं धरून बसले आहे ते तुम्हा दोघांना वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१, गुरुवार. वाशिष्ठी गावात शिरली आणि तुमचे फोन बंद. दोन दिवस मला कळत नव्हतं की तुम्ही माळ्यावर चढलात की नाही. माझ्या मोबाइलवर त्या दोन दिवसांत शेकडो मेसेज आले. एका व्हिडिओत घराचं छत वाहून जाताना दिसलं. मी तो वीस वेळा पाहिला, छताचा रंग आपला आहे का म्हणून. तो चिपळूणचा नव्हताच. खरी बातमी एकच आली, तिसऱ्या दिवशी, समोरच्या काकांच्या मुलाची, "दोघं सुखरूप, गच्चीवर आहेत, औषधं भिजली." एवढी एक ओळ. ती ओळ मला पहिल्या दिवशी मिळाली असती तर!

आणि धुळ्याचं राईनपाडा आपण विसरू शकत नाही. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या आणि भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकावेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. मेसेज पुढे ढकलणं माझ्या साइटवर नाहीच. प्रत्येक मजकूर आधी एक माणूस वाचेल, मग फळ्यावर येईल.

हे वेडेपण नाही, असं चालतं. अमेरिकेत व्हरमाँट हे डोंगराळ, लहान गावांचं राज्य आहे. तिथे बर्लिंग्टनच्या एका दांपत्याने आपल्या शेजाऱ्यांपुरतं सुरू केलेलं काम २००६ पासून 'फ्रंट पोर्च फोरम' म्हणून वाढवलं. लोक लिहितात, आधी माणसं वाचतात, आणि सगळं मिळून दिवसातून एकदा घरोघर जातं. पैसा मुख्यतः स्थानिक जाहिरातींचा. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाने तिथल्या नद्या गावांत शिरल्या तेव्हा कुणाला पंप हवा, कुणाकडे झोपायला जागा आहे, हे लोकांना त्यावरून कळलं. हे वाचलं तेव्हा मला आपली चिखलाने भरलेली पडवी दिसली.

कायद्याचंही पाहिलंय. तक्रार आली तर २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल, त्यासाठी नेमलेला माणूस, हे २०२१ च्या आयटी नियमांत आहे. लोकांच्या माहितीविषयीचा २०२३ चा कायदा आहे, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. कंपनीची नोंदणी आमचे सीए करतील. त्यात तुम्ही डोकं घालू नका.

आता मला काय हवंय ते.

आई, तुमच्या बारा जणींची भिशी सत्तावीस वर्षं चालली. एकही हप्ता बुडाला नाही, असं तू म्हणतेस. नवीन बाईला घ्यायचं तर दोघींनी तिच्यासाठी शब्द द्यायचा, हा तुमचा नियम मी जसाच्या तसा घेतलाय. साइटवर खोटी नावं येऊ नयेत म्हणून आधीच्या दोन सदस्यांनी नव्या माणसाची ओळख द्यायची. पण एक मला कळत नाहीये. शब्द देणारीच चुकली तर तुम्ही काय करायचात? एकदा कुणाचं तरी भांडण झालं होतं आणि तू दोघींना घरी जेवायला बोलावलं होतंस, एवढंच आठवतंय. ते सगळं मला सांग. भांडण झालं की काय करायचं, हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही.

बाबा, तुम्ही मला फळ्याचे नियम लिहून द्या. काय लिहायचं, काय कधीच लिहायचं नाही, कुणी दबाव आणला तर काय उत्तर द्यायचं. निवडणुकीच्या दिवसांत तुमच्याकडे किती जण यायचे, ते मी पाहिलंय. एक फळा किती शब्दांचा असायचा तेही मला मोजायचंय, म्हणून जमलं तर दहा दिवसांचा मजकूर आठवून कागदावर उतरवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी डोळ्यांना जपायला सांगितलंय, तेव्हा एका बैठकीत नको. रोज थोडं.

मी पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी पहाटे पोचेन. पावसाच्या आधी खालच्या कपाटातलं सामान माळ्यावर चढवायचं राहिलंय, ते तुम्ही दोघांनी उचलू नका, मी आल्यावर करू. खडूचा डबा मात्र त्यात बांधू नका. भागीदारीण बरोबर येतेय, तिला तुमचं ओलं अक्षर वाळताना बघायचंय.

तुमची,
धाकटी