ब्रिटनमधील खासगी पार्किंगची नोटीस

संपादक महोदय,

इंग्लंड-वेल्समध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये थोडा जास्त वेळ गाडी राहिली की खासगी कंपनीचे पत्र घरी येते. पुष्कळ मराठी कुटुंबे तो सरकारी दंड समजून लगेच पैसे भरतात. हा दंड नाही. करारभंगाचा दावा आहे आणि तो मुळात चालकावर असतो. गाडी ज्याच्या नावे नोंदलेली आहे, त्या 'कीपर'कडून वसुली करायची तर 2012च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्यातील परिशिष्ट 4च्या अटी कंपनीने पाळाव्या लागतात.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीची नोटीस दुसऱ्या दिवसापासून मोजून 14 दिवसांत पोहोचली पाहिजे. गाडी 3 तारखेला उभी होती, तर शेवटची तारीख 17. टपालातले पत्र पाठवल्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांनी पोहोचले असे धरतात. म्हणजे 16 तारखेला पाठवलेले पत्र उशिराचेच. लिफाफा आणि त्यावरची तारीख जपून ठेवा. काचेवर आधीच नोटीस लावली असेल, तर मुदती वेगळ्या.

घात होतो तो कंपनीकडे केलेल्या अपिलात. "मला यायला उशीर झाला" एवढे लिहिले की चालक कोण हे आपणच सांगून बसतो आणि कीपरचा बचाव संपतो. "चालकाने गाडी उभी केली" असेच लिहावे. चालकाचे नाव कंपनीला कळवण्याचे बंधन या कायद्यात नाही. अपील फेटाळले तर पोप्ला किंवा आयएएस या खासगी पार्किंगच्या अपील-सेवांपैकी कंपनी जिच्याशी जोडलेली असेल तिच्याकडे जाता येते. न्यायालयाचा दावा आला तर मात्र गप्प राहू नका, एकतर्फी निकाल लागतो.

– एक वाचक, लंडन