कधी दिसतो कधी गायब होतो, तो ड्राइव्ह मेलेला नसतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात घरातले जुने कॉम्प्युटर अडगळीत ठेवू नका, ई-कचऱ्यात द्या असा लेख आला होता. लेख चांगलाच होता, भंगारवाल्याला किलोवर देऊ नका हे पण बरोबर लिहिलंय. पण त्यात एक वाक्य होतं की सीडी ड्राइव्ह दिसेनासा झाला की समजा मशीनचं आयुष्य संपलं, आणि ते वाक्य वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे, कारण ह्याच एका समजुतीपायी माझ्या आईचा आवाज भंगारात जाता जाता राहिला. म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी सांगलीच्या गावभागात राहते, रिटायर्ड शिक्षिका. माझी आई बत्तीस शिराळ्याकडची, जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या पाठ होत्या की दळण संपायचं पण ओवी संपायची नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात भावाने टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून तिच्या कॅसेटा भरल्या. २००६ साली त्या सगळ्या एका स्टुडिओत देऊन सीडीवर उतरवून घेतल्या, एकूण २२ सीड्या झाल्या. आई २००९ ला गेली. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला पाण्यात, कॅसेटांचा डबा तिथंच गेला, आणि सीड्या वरच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या. म्हणजे आता आईचा आवाज फक्त त्या २२ चकत्यांवर, आणि घरात त्या चालवणारं मशीन एकच, २००६ मध्येच घेतलेला असेंबल केलेला पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, त्यात आयडीई पट्ट्याचा (म्हणजे रुंद चपट्या वायरीने बोर्डाला जोडलेला) डीव्हीडी रायटर, त्यावर सीड्या पण चालतात. नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो हे सगळ्यांना माहीतच आहे.

मागच्या नोव्हेंबरात भाचा म्हणाला मावशी ते सगळं पेनड्राइव्हवर घेऊन टाक, म्हणून बसले तर माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच नाही. ट्रेचं बटण दाबलं तर ट्रे बाहेर येतोय, दिवा लागतोय, पण कॉम्प्युटरला तो आहे हेच माहीत नाही. दुपारी परत लावला तर होता! दुसऱ्या दिवशी सकाळी परत नाही. दुकानात नेलं, तर तिथल्या मुलाने पाच मिनिटात सांगितलं ड्राइव्ह गेलाय, हे मॉडेल आता येत नाही, एक सेकंडहँड आहे तो टाकतो, पण खरं म्हणजे मशीनच बदला. पैसे घेतले, सेकंडहँड टाकला, दुकानात लगेच दिसला पण. घरी दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. म्हणजे दोन वेगवेगळे ड्राइव्ह आणि रोग एकच. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की रोग ड्राइव्हमध्ये नसणारच, दुसरीकडे कुठेतरी आहे.

मग मी एक जुनी वही घेतली आणि रोज लिहायला लागले, तारीख, वेळ, मशीन किती वेळ बंद होतं, ड्राइव्ह दिसला का नाही. अठरा दिवस लिहिलं. ज्याला कुणाला असा त्रास असेल त्याने पहिलं हेच करावं असं मी कळकळीने सांगते, कारण कधी दिसतं आणि कधी नाही ह्यातच सगळं उत्तर असतं, आणि दुकानदाराकडे तेवढा वेळ नसतो. माझ्या वहीत असं निघालं की सकाळी थंडीत मशीन सुरू केलं की ड्राइव्ह नाही, अर्धा तास चालू ठेवून नुसता रिस्टार्ट मारला की आहे, दुपारी पहिल्या झटक्यात आहे. अठरातल्या पंधरा सकाळी असंच.

हे असं का होतं ते शेजारच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीने समजावलं आणि मला शिक्षिका म्हणून ते लगेच पटलं. मशीन सुरू झालं की विंडोज यायच्या आधी बायोस नावाचा प्रोग्राम सगळ्यांची हजेरी घेतो. प्रत्येक ड्राइव्हला विचारतो तू कोण, आणि ठराविक वेळ थांबतो. तेवढ्यात जो हजर म्हणाला नाही त्याची गैरहजेरी लागली, मग तो नंतर वर्गात येऊन बसला तरी आयडीईच्या जुन्या पद्धतीत त्याला सहसा परत कुणी विचारत नाही, पुढच्या हजेरीपर्यंत म्हणजे रिस्टार्टपर्यंत. त्यामुळे ड्राइव्ह जिवंत असतो, ट्रे हलतो, दिवा लागतो आणि तरी दिसत नाही.

म्हणून पहिली तपासणी ही की सुरू होताना डिलीट किंवा एफटू (मशीनप्रमाणे बदलतं) दाबून बायोसमध्ये जा आणि तिथे ड्राइव्हचं नाव आहे का बघा. तिथे रोज न चुकता नाव आहे पण विंडोजमध्ये दिसत नाही, तर वायरी बियरी काही उघडू नका, गडबड बहुतेक विंडोजमध्ये आहे. माधवनगरला आमच्या नणंदेकडे हेच झालं होतं, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या भागांची यादी) पिवळं चिन्ह आणि कोड १९. सीडी राइट करायचं जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं की रजिस्ट्रीमध्ये (विंडोजची सेटिंगची वही) अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स अशा दोन नोंदी कधी कधी मागे राहतात, त्या वाटेत आडव्या येतात. जाणकाराकडून आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन सीडी ड्राइव्हच्या विभागातल्या त्या दोन नोंदी काढल्या, रिस्टार्ट केलं, ड्राइव्ह आला. एक रुपया खर्च नाही.

माझ्याकडे मात्र बायोसमध्येच नाव येत-जात होतं, म्हणजे दोष वायरीत, करंटमध्ये किंवा मदरबोर्डात. आधी कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाची बॅटरी बदलली, ती बटणासारखी सीआर २०३२, कारण तारीख पण रोज मागे जात होती. तारीख सुधारली, ड्राइव्ह नाही सुधारला. मग मुख्य प्लग काढून, हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावून (अंगातली स्थिर वीज चिप मारते म्हणून) डब्बा परत उघडून नीट बघितला. आत काय निघालं ते सांगते. दुकानातल्या मुलाने ड्राइव्ह पट्ट्याच्या मधल्या कनेक्टरला लावलेला आणि टोकाचा कनेक्टर तसाच लोंबत सोडलेला. त्या ८० तारांच्या पट्ट्याचं निळं टोक बोर्डाला, काळं टोक मास्टरला (पट्ट्यावरचा पहिला ड्राइव्ह) आणि मधला राखाडी स्लेव्हला (दुसरा ड्राइव्ह) असतो, एकच ड्राइव्ह असेल तर तो टोकाच्या काळ्याला लावायचा, नाहीतर मोकळ्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो. शिवाय ड्राइव्हच्या मागचा जंपर (मास्टर का स्लेव्ह ते ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) स्लेव्हवर, आणि त्या पट्ट्यावर मास्टर कुणीच नाही. स्लेव्ह एकटा कधी चालतो कधी चालत नाही. चिमट्याने जंपर मास्टरवर आणला, काळा कनेक्टर लावला, दोन्हीकडच्या पिना बघितल्या, एक किंचित वाकलेली होती ती सुईने सरळ केली. ज्यांच्याकडे नंतरची साटा वायर आहे त्यांना जंपरची भानगड नाही, पण ती वायर जर बिनखटक्याची असेल तर पंख्याच्या थरथरीने सैल होते, काढून परत नीट दाबा आणि एकदा दुसरी वायर लावून बघा.

एवढं केल्यावर बराच फरक पडला, आठवड्यात दोन-तीन सकाळीच चुकायला लागला. पण चुकत होताच.

मग त्या शेजारच्या मुलीने व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर आणला. एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरला करंट पुरवणारा डबा) येणारा जो चार पिनांचा पांढरा कनेक्टर असतो, तसला एक मोकळा होता, त्याच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत १२ व्होल्ट हवेत, लाल आणि काळ्यात ५, आणि पाच टक्के मागेपुढे चालतं, म्हणजे १२ ला कमीत कमी ११.४ आणि ५ ला ४.७५. सकाळी साडेसहाला स्वेटर घालून दोघी बसलो. नुसतं सुरू असताना आकडे ठीक. मग तिने सीडी घालून ट्रे आत ढकलला आणि ड्राइव्हची मोटार घूं करून फिरायला लागली तसा पिवळ्याचा आकडा ११.९ वरून सरळ १०.९ वर आला, लाल ४.६ वर. मी डोळ्याने बघितलं. तासाभराने तेच केलं तर ११.७ आणि ४.९. म्हणजे थंडीत पुरवठा उपाशी आणि गरम झाल्यावर पोटभर.

मिरजेला एक वयस्कर काका आहेत, पन्नास वर्षं रेडिओ टीव्ही दुरुस्त करतात. त्यांच्याकडे एसएमपीएस नेला. (हा डबा घरी कुणीही उघडू नये, प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतका चार्ज राहतो.) काकांनी उघडला आणि मला बोलावून दाखवलं. कपॅसिटर म्हणजे छोटे नळकांडे, त्यांचं डोकं सपाट असतं, वर फुलीसारखी खाच. त्यातल्या तिघांची डोकी फुगून गोल झालेली, एकाच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर आलेली. काका म्हणाले, "बाई, ह्यातलं पाणी वाळलंय. गार असतं तंवर हे काम करत नाहीत, जरा ऊब लागली की उठतात. आणि मीटरवर दिसतंय त्याच्यापेक्षा जास्त थरथर असते, ती मीटरला दिसत नाही." तिन्ही बदलले, पंख्यात तेल घातलं. जेवढे पैसे घेतले तेवढ्यात सांगलीत दोघांचा नाश्ता होतो. त्या दिवसापासून आजपर्यंत एकही सकाळ ड्राइव्ह चुकलेला नाही, आणि मी वही अजून लिहिते. दुकानाने मेला म्हणून बाजूला काढलेला माझा पहिला ड्राइव्ह पण लावून बघितला, तो ठणठणीत आहे.

अजून एक गोष्ट लोक गल्लत करतात. ड्राइव्ह न दिसणं वेगळं आणि ड्राइव्ह दिसतोय पण डिस्क वाचत नाही हे वेगळं. दुसऱ्यात बहुतेक वेळा लेन्सवर धूळ असते किंवा डिस्कच खराब. डीव्हीडी चालते आणि सीडी चालत नाही किंवा उलट असं झालं तर लोक चक्रावतात, पण आत दोन्हीसाठी वेगवेगळा लेझर असतो, एक थकला तरी दुसरा चालू राहतो. डिस्क पुसताना मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल पुसायची नाही. माझ्या दोन सीड्यांवर महापुरानंतरच्या ओलीची बुरशी होती, त्या अशा पुसूनच वाचल्या.

२२ पैकी १९ सीड्या उतरवून झाल्यात, तीन प्रती केल्यात, दोन पेनड्राइव्ह आणि एक भाच्याच्या हार्ड डिस्कवर पुण्यात. अकरा नंबरच्या सीडीवर नागपंचमीच्या ओव्या आहेत, भाऊ न्यायला येत नाही म्हणून वाट बघणाऱ्या सासुरवाशिणीच्या. दोन ओव्यांच्या मध्ये जात्याची घरघर हळू होते, आईच्या काचेच्या बांगड्या खुंट्याला लागतात तो आवाज येतो, आणि मग ती घसा साफ करून परत सुरू करते. हे मी पंधरा वर्षांनी ऐकलं. दुकानदाराचं ऐकून मशीन दिलं असतं तर डिस्कपण नंतर कुणी चालवल्या नसत्या.

माझी विनंती दोन आहेत. एक, आपल्या पेपरातून एवढं छापा की येत-जात दिसणारा ड्राइव्ह फेकायच्या आधी वायर, जंपर आणि एसएमपीएस बघा. दुसरी, सांगली मिरजेत ई-कचरा गोळा करायचे कॅम्प लागतात तिथे एका टेबलवर चालू ड्राइव्हचं एक मशीन ठेवावं, म्हणजे लोक पेटी टाकायला येताना डिस्का घेऊन येतील आणि तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर उतरवून घेतील. लग्नाच्या, बारशाच्या, नाटकाच्या तालमींच्या सीड्या ह्या नाट्यपंढरीत किती घरांत पडल्या असतील. माझ्याकडचा जास्तीचा ड्राइव्ह मी त्यासाठी द्यायला तयार आहे आणि दर शनिवारी बसायला पण तयार आहे. कॅम्प घेणाऱ्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी येऊन जाईन.

आपली नम्र,
एक वाचक,
गावभाग, सांगली