दंड झालेल्या हॉटेलांची नावेही छापा

मा. संपादक,
स. न.

शहरातील हॉटेलांच्या तपासणीची कालच्या अंकातील बातमी वाचली. काळेकुट्ट झालेले तळणाचे तेल, फ्रीजमधील शिळा रस्सा आणि मोरीशेजारी मळलेली कणीक यांचे वर्णन आपल्या प्रतिनिधीने इतके रंगवून केले आहे की समोरचा घास घशाखाली उतरू नये. मात्र हे सारे जेथे आढळले त्याचा उल्लेख ‘मध्यवर्ती भागातील एक नामांकित हॉटेल’ एवढाच आहे. त्याच पानावर जुगार अड्ड्यावर सापडलेल्यांची नावे, वये आणि गल्ल्या तपशीलवार दिल्या आहेत. पत्ते कुटणाऱ्यांपासून समाजाला अधिक धोका आहे असे आपले धोरण असल्यास माझे काही म्हणणे नाही.

मी चिडून लिहितो आहे, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी पुतणीच्या साखरपुड्याचे जेवण आम्ही शहरातील एका हॉटेलातून मागवले होते. पनीरच्या भाजीला किंचित आंबूस वास येत होता, पण व्याह्यांच्या देखत भर पंगतीत बोलणार कोण? निपाणीकडे परतणाऱ्या मुलाकडच्या मंडळींना हत्तरगी टोलनाक्याच्या अलीकडे गाडी थांबवून रस्त्याकडेला ओकाऱ्या काढाव्या लागल्या आणि इकडे आमच्या वहिनींना सलाईन लावावे लागले. दुसऱ्या दिवशी मांडववाला सहज बोलून गेला, ‘‘अहो, त्यालाच तर मागे नोटीस लागली होती!’’ त्या नोटिशीची बातमी आपल्या अंकात आली होती व मी ती वाचलीही होती; नाव तेवढे नव्हते. व्याह्यांकडे जेवणाचा विषय निघाला की आजही मला मान खाली घालावी लागते.

नोटीस म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे, हे मान्य. पण जुगारवाल्यांवरचा तरी कोठे सिद्ध झाला आहे? अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार सुधारणा नोटिशीची मुदत किमान 14 दिवसांची असते आणि तेवढ्या काळात हॉटेलवाला सहसा वाढतच असतो. गिऱ्हाइकाने जपायचे ते नेमके तेव्हा. याच कायद्याच्या 40 व्या कलमाने ग्राहकाला शुल्क भरून पदार्थ तपासून घेण्याची मुभा दिली आहे, मात्र खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. म्हणजे साखरपुड्याची ऑर्डर देतानाच ‘मालक, तुमचे पनीर आम्ही प्रयोगशाळेत पाठवणार आहोत’ असे आम्ही कळवायला हवे होते! पुन्हा तोच गुन्हा करून दोषी ठरलेल्याचे नाव त्याच्याच खर्चाने वृत्तपत्रांत छापण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, अशीही तरतूद आहे. तेव्हा आपण ते जरूर छापाल, कारण त्याचे पैसे मिळतील. 2024 च्या मार्चमध्ये राज्यात गोबी मंच्युरियनमधील रोडामाइन-बी रंगावर बंदी आली, त्या वेळी आपण गाडेवाल्यांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे छापली होती. त्यांच्या जाहिराती नसतात.

जाता जाता आणखी एक. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधून देण्यास मनाई असताना भजी, वडे अजून सर्रास त्यातच मिळतात. परवा माझ्या हाती आलेली तेलकट पुडी आपल्या रविवारच्या पुरवणीची होती. रद्दी कोठे जाते यावर आपला ताबा नाही हे खरे, परंतु पानाच्या तळाशी ‘या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत’ एवढी ओळ छापण्यास जागेची अडचण नसावी.

– एक जुना वर्गणीदार, शहापूर, बेळगाव