'सॉलिड ओपल' म्हणून विकलेल्या अंगठीतला खडा ट्रिप्लेट (तीन थर चिकटवून बनवलेला) निघाला, त्याबद्दल तक्रार

प्रति, तक्रार निवारण अधिकारी
विषय: जुन्या चांदीच्या अंगठीतला खडा, चुकीचं वर्णन आणि चुकीची सूचना

नमस्कार,

मी नाशिकहून लिहितेय. तुमच्या सेकंडहँड दागिन्यांमधून मी ₹२,८५० ला एक चांदीची अंगठी घेतली, आत ९२५ चा शिक्का आहे, तो खरा आहे, चांदीबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते खड्याबद्दल. तुमच्या पेजवर स्पष्ट लिहिलं होतं 'जेन्युइन सॉलिड ऑस्ट्रेलियन ओपल', त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

अंगठी माझ्या सासूबाईंसाठी होती. त्यांना शुक्रासाठी ओपल घालायला सांगितलंय, हिरा काही आम्हाला परवडणारा नाही, आणि नवीन चांगला ओपल घ्यायचा तर तोही महागच जातो म्हणून जुनी अंगठी बघत होतो. ऑर्डर करायच्या आधी मी चॅटवर दोनदा विचारलं की खड्याचा बाजूने काढलेला फोटो पाठवा, तर दोन्ही वेळा तुम्ही तोच वरून काढलेला फोटो पाठवलात आणि म्हणालात की मॅडम रंग खेळतायत बघा, शिवाय पीस जुना आहे म्हणजे ओरिजिनलच. रंग खरंच सुंदर होते, हिरवा निळा आणि मध्येच एक लालसर ठिणगी, मी भुलले. पण रंग खेळतात एवढ्यावरून खडा खरा ठरत नाही, कारण लॅबमध्ये बनवलेल्या ओपलमध्येही ते खेळतात, आणि जुनं म्हणजे खरं हेही नाही कारण लॅबमधले ओपल १९७० च्या दशकापासून बाजारात आहेत आणि चिकटवलेले तर त्याच्याही आधीपासून. हे मला आता कळलंय, पण जे दागिने विकतात त्यांना ते आधीच माहीत असायला हवं.

आता मुख्य गोष्ट. बॉक्समध्ये तुमचं एक कार्ड होतं, 'ओपल कोरडा पडू नये म्हणून आठवड्यातून एकदा रात्रभर पाण्यात ठेवा'. सासूबाईंनी ते अगदी मनापासून पाळलं, दर गुरुवारी रात्री वाटीत पाणी घेऊन देवघराजवळ अंगठी ठेवायच्या. तिसऱ्या गुरुवारनंतर खड्याच्या एका कडेला धुरकट डाग दिसायला लागला, डोळ्यात मोतीबिंदू चढतो तसा कडेकडून आत येणारा, आणि त्या भागातले रंग मेले. पुसून जाईना. सासूबाईंना वाटलं आपल्याच हातून काहीतरी चुकलं, दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय.

मग मी अंगठी घेऊन सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे गेले. तसंही जायचंच होतं, कारण कोंदण मागून बंद होतं आणि राशीचा खडा बोटाला टेकायला हवा म्हणून पाठ उघडून घ्यायची होती. काकांनी कोंदणाची कड हळूच उचलली, खडा बाहेर काढला, चिमट्यात धरून आडवा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं, म्हणाले तूच बघ. वर काचेसारखा स्वच्छ बिनरंगी घुमट, त्याच्याखाली कागदाएवढी पातळ रंगीत चकती, आणि खाली काळा थर. तीन थर, मधल्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि जिथे डाग होता तिथे नेमकी त्या रेघेतून धूसर झालेली जागा आणि दोनतीन बारीक बुडबुडे. नैसर्गिक काळ्या ओपलमध्येही रंगाचा थर आणि खालचा काळा थर असतो पण तो मातीतच तयार झालेला असतो, त्याची हद्द वेडीवाकडी जाते, अशी सरळ कापल्यासारखी नसते. हा ट्रिप्लेट आहे, गोंदाने चिकटवलेला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाण्यात ठेवल्यामुळे पाणी गोंदात शिरलं.

म्हणजे तुमचं वर्णन चुकीचं आणि तुमचं कार्डही चुकीचं. कार्ड तर कुठल्याच ओपलला लागू होत नाही. ओपलमध्ये पाणी असतं हे खरं, साधारण ३ ते १० टक्के, पण ते आतलं असतं, वाटीतल्या पाण्याने ते भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सॉलिड ओपलला भिजवून ना फायदा ना तोटा. इथिओपियाचा वेलो ओपल पाणी शोषतो, पारदर्शक होतो, कधी कधी रंग गायबच होतात आणि वाळेपर्यंत माणूस घाबरून बसतो. आणि डब्लेट (दोन थर चिकटवलेला खडा) किंवा ट्रिप्लेटचं काय होतं ते आमच्या घरी दिसलंच. ते कार्ड अजून किती बॉक्समधून जातंय कोण जाणे, कृपा करून आजच थांबवा.

कस्टमर केअरने मला उत्तर दिलं की रिटर्नचे सात दिवस संपले, डाग वापरामुळे पडलाय, आणि 'मधला थर खरा ओपल आहे त्यामुळे जेन्युइन लिहिणं बरोबर आहे'. हे मला अजिबात पटलेलं नाही. ट्रिप्लेट ही काही वाईट वस्तू नाही, ट्रिप्लेट म्हणून विकली असती तर कुणी हौसेने घेतलीही असती, मीही कदाचित स्वतःसाठी घेतली असती. पण तुम्ही 'सॉलिड' लिहिलंत. सॉलिड म्हणजे अख्खा एकसंध खडा. जो माणूस श्रद्धेने खडा घालतो त्याला वर काच आणि खाली काळं काहीतरी चिकटवलेलं देऊन चालत नाही, आणि श्रद्धा नसली तरी पैसे तर त्याच शब्दासाठी मोजलेत ना.

माझं मागणं एवढंच आहे. ₹२,८५० आणि डिलिव्हरीचे पैसे पूर्ण परत करा, अंगठी तुमच्या खर्चाने घेऊन जा. यापुढे मागून बंद कोंदणातल्या प्रत्येक ओपलचा बाजूने, उजेडात काढलेला फोटो टाका, आणि जिथे खडा काढून बघितलेला नाही तिथे 'तपासलेला नाही' असं सरळ लिहा, लोक तेही समजून घेतात. अजून एक, तुमच्याकडे सध्या एक कानातल्यांची जोडी लावलेली आहे, दोन्ही खड्यांत पालीच्या कातडीसारखी एकसारखी खवल्यांची नक्षी दिसते. लॅबमधल्या ओपलमध्ये अशी नक्षी येते. फोटोवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण 'नैसर्गिक' लिहून विकायच्या आधी मुंबई किंवा जयपूरच्या जेम लॅबमधून तपासून घ्या.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत या पत्राची पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसं झालं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे, सोनारकाका लेखी द्यायला तयार आहेत.

तिन्ही थर दिसतील असा खड्याचा आडवा फोटो, डागाचा फोटो, तुमचं कार्ड आणि चॅट सगळं जोडलंय. खडा आणि अंगठी वेगवेगळ्या डबीत ठेवलेत, तुमचा माणूस येईल तेव्हा दोन्ही मिळतील, फक्त संध्याकाळी सहानंतर पाठवा, दिवसा घरी सासूबाई एकट्या असतात आणि त्यांना आता या विषयावर कुणाला काही समजावून सांगायला लावू नका.

आपली,
एक ग्राहक, नाशिक